चिकणमातीच्या थरापर्यंत

मी डिप्लोमा घेऊन तंजावूरला परत आले त्या सुमारास सरकारी खात्यांनी आपली डिझाइनची कामं बाहेर द्यायला सुरुवात केली होती. देशाचं धोरण बदललं, बाजार खुला झाला, असं पेपरात रोज येत होतं. आमच्यापर्यंत त्यातलं एवढंच पोचलं की जे नकाशे आजवर खात्याच्या ड्रॉइंग ब्रँचमध्ये व्हायचे, ते आता खासगी लोकांकडे येऊ लागले, आणि खात्यातून निवृत्त झालेल्या इंजिनिअरांनी आपापल्या घराच्या पुढच्या खोलीत ऑफिसं थाटली.

असंच एक ऑफिस मेल वीथीच्या मागच्या गल्लीत, आईच्या लांबच्या नात्यातल्या एका मामांचं होतं. मामा खात्यात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होऊन निवृत्त झालेले. आमच्यासारखंच त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळात इथे आलेलं, घरात मराठी, दाराबाहेर तमिळ. मला नोकरी मिळाली ती या नात्यावर. मामांचा भाचाही तिथेच होता. वयाने माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला अण्णा म्हणायची. साइटवरचं सगळं काम अण्णा बघायचा. नकाशे, अंदाजपत्रकं आणि टायपिंग माझ्याकडे.

चौथे आमचे भूगर्भतज्ज्ञ. त्यांना सगळे 'सार' म्हणत, तमिळमध्ये म्हणतात तसं. पन्नाशी उलटलेले, अंगाने किरकोळ, मोपेडवरून फिरणारे. एका सरकारी पाहणीत ते कंत्राटावर होते. पाहणी संपली आणि कंत्राटही. तेव्हा मामांनी त्यांना बोलावून घेतलं. आमचं मुख्य काम खेड्यांच्या पाणीयोजनांचं : एक बोअर, एक उंच टाकी, गावात फिरवलेले पाइप आणि रस्त्यांवर नळ. त्यातलं पहिलं पाऊल, म्हणजे पाणी कुठे आणि किती खोल घ्यायचं, ते सारांचं.

त्या ऑफिसात सुरुवातीला जी मजा होती ती मला पुढे कुठेही मिळाली नाही. सार पाहणी करून संध्याकाळी परत यायचे. मामी आतून कापी, म्हणजे कॉफी, पाठवायच्या. मागच्या ओसरीतल्या बाकावर बसून, टंबलरमधून पसरट डबऱ्यात कापी वर-खाली करत ते बोलायला लागायचे. अमुक गावात देवळाच्या उत्तरेला नको, तिथल्या विहिरीत मार्चनंतर पाणी मचूळ होतं. तमुक ठिकाणी म्हातारे सांगतात की पूर्वी इथून ओढा जायचा, म्हणजे खाली वाळू असणार. अण्णा ऐकत असायचा, मध्येच विचारायचा, कधी उठून मोठा नकाशा आणून त्यांच्यासमोर जमिनीवर पसरायचा. मामा आरामखुर्चीतून एखादा खवचट प्रश्न टाकायचे. मग आठवड्याने सारांचा रिपोर्ट माझ्याकडे टाइपला यायचा. चार-पाच पानं, कोरडं इंग्रजी. तो खात्यासाठी असे. आमच्यापैकी कुणी तो वाचत नसे, कारण त्यात होतं त्याच्या दुप्पट आम्ही ओसरीवर ऐकलेलं असायचं.

आणि बोअर घेताना सार स्वतः हजर असत. मी दोन-तीनदा साइटवर गेले आहे. मशीन घरघरत असतं, खालून चिखल वर येत असतो, आणि हे उकिडवे बसून त्यातला थोडा चिमटीत धरून चोळतायत. कधी जिभेला लावून थुंकायचे. मग मध्येच हात वर करायचे. ड्रिलर मशीन बंद करायचा. का थांबवलं, हे त्यांना कुणी विचारत नसे.

आता त्या मराठीबद्दल सांगायला हवं. आम्ही तिघं आपसांत मराठी बोलायचो. त्यात काही लपवायचं असं नव्हतं, ती आमची सवय होती. घरची भाषा ऑफिसात आली, कारण ऑफिस घरातच होतं. पण हळूहळू त्या सवयीत दुसरं काही शिरलं. कंत्राटदार समोर बसलेला असताना मामा अण्णाला मराठीत सांगत, याला भावात अजून थोडा खाली आण. खात्याचा माणूस आला असताना अण्णा मला मराठीत विचारी, हा कुठल्या सेक्शनचा. आमची भाषा गावात फार थोड्यांना कळते, याची आम्हाला गंमत वाटायला लागली होती. सार तिथेच बसलेले असायचे. ते आपली कापी पीत.

समुद्राच्या बाजूच्या एका गावाची योजना आली तेव्हाची गोष्ट. पट्टुकोट्टैच्याही पलीकडे, नारळीची झाडं संपून खाजण सुरू होतं तिथलं गाव. तोवरची आमची कामं आतल्या गावांतली होती. हे पहिलंच किनाऱ्याजवळचं. सार तिथे बरेच दिवस जात-येत होते, आणि नेहमीपेक्षा कमी बोलत होते. जमिनीखाली गोड्या पाण्याचा वाळूचा थर आहे, त्याच्या खाली चिकणमाती, आणि चिकणमातीखाली पुन्हा वाळू, पण त्या वाळूत खारं पाणी, एवढं त्यांनी ओसरीवर सांगितलं होतं. "चिकणमातीपर्यंत जायचं. तिला हात लावायचा नाही," असं म्हणाले होते. ती किती खोलीवर लागेल हे मात्र तिथे जाऊनच कळेल. दहा पावलांवर बदलते, म्हणाले.

मामांना हे काम मोठं वाटत होतं. ते नीट झालं तर किनाऱ्यावरची आणखी गावं मिळणार होती. त्याच सुमारास त्रिचीहून एक कंपनीवाला येऊन गेला होता, जमिनीत तारा खोचून वीज सोडून खालचे थर ओळखणारं नवं यंत्र दाखवायला. अण्णावर त्याचा फार परिणाम झाला होता.

दुपारची वेळ होती. सार बाकावर, हातात कापी. मी टाइपरायटरवर. अण्णा मामांना मराठीत म्हणाला, "याचं सगळं अंदाजाचं काम, मामा. जिभेने पाणी ओळखतो म्हणे. यंत्र घेतलं की याची काय गरज? एक माणूस कमी."

मामा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "एवढी दोन कामं होऊ दे. मग बघू."

सारांनी डबरा बाकावर ठेवला. अण्णाकडे बघून ते सावकाश म्हणाले, "यंत्र केव्हां यायचें?"

मराठीत. आमच्याच मराठीत, जुन्या वळणाच्या, शेवटी तमिळसारखा सूर उचललेल्या. मला नंतर कळलं की लहानपणी ते राजवाड्याच्या मागच्या बाजूला राहायचे, दोन्हीकडे शेजारी मराठी घरं. बोलले नसतील कधी, पण ऐकत वाढले होते. म्हणजे गेली दोन वर्षं त्यांना सगळं कळत होतं. कंत्राटदारांबद्दलचं, खात्याच्या माणसांबद्दलचं, आणि त्यांच्याबद्दल मागे जे काही बोललं गेलं असेल तेही.

 अण्णाचा चेहरा लाल झाला. मामांनी वर्तमानपत्राची घडी घातली, पुन्हा उघडली. सार उठले, डबरा आणि टंबलर स्वतः मोरीवर नेऊन विसळले, आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसले.

त्यानंतर भांडण झालं नाही. झालं असतं तर मिटलं असतं, असं मला अजून वाटतं. सार दुसऱ्या दिवशी वेळेवर आले. काम चोख करत राहिले. फक्त ओसरीवर येणं बंद झालं. कापी टेबलावर यायला लागली. काही विचारलं तर उत्तर द्यायचे, तमिळमध्ये, विचारलं तेवढ्याच प्रश्नाचं. किनाऱ्यावरच्या गावाचा रिपोर्ट त्यांनी नेहमीसारखाच लिहून माझ्याकडे दिला. तो टाइप करताना मी पहिल्यांदाच नीट वाचला. त्यात चूक काहीच नव्हती. चिकणमातीचा थर, त्याची अंदाजे खोली, खालच्या पाण्याबद्दलचा इशारा, सगळं एकेका वाक्यात होतं. पण ओसरीवर ते जसं सांगत, हात जमिनीशी नेऊन, "इथपर्यंत, पुढे नाही," तसं त्यात काही नव्हतं. कागदावर सगळी वाक्यं सारख्याच आवाजात बोलत होती.

बोअरचा दिवस ठरला तेव्हा मी मामांना म्हटलं, "सारांना बोलावलंय ना?"

"रिपोर्ट दिलाय की त्याने," मामा म्हणाले. "यायचं असेल तर येईल. त्याला काय आमंत्रण द्यायचं?"

मी सारांच्या टेबलाशी गेले. "उद्या बोअर आहे. तुम्ही जाणार ना, सार?"

ते नकाशावर पेन्सिलीने काहीतरी करत होते. "मला कुणी सांगितलेलं नाही, अम्मा."

"मी सांगतेय."

तेव्हा ते हसले, माझ्यावर राग नव्हता त्यांचा. "तू सांगून मी गेलो, आणि तिथे तुझ्या अण्णाने विचारलं, कशाला आलात, तर मी काय म्हणू?"

मी अण्णाकडेही गेले. तो म्हणाला, मी काय पाय धरू त्यांचे? मग थोडा नरम होऊन म्हणाला, त्यांनी लिहिलेलं आहे, मी बघीन. मी सगळ्यांत लहान, त्यातून मुलगी. याच्यापुढे मी जाऊ शकत नव्हते.

बोअरच्या आधी एक बदल झाला होता. शेजारची एक वस्तीही योजनेत घ्यावी असं खात्याने कळवलं होतं, म्हणजे पाणी जास्त लागणार होतं. अण्णाने साइटवर विचार केला असेल, आणखी थोडं खाली गेलो तर पाणी वाढेल. ड्रिलरने नंतर मला सांगितलं की चिकट, निळसर माती वर आली तेव्हा त्याने मशीन हळू केलं होतं. नेहमीच्या सवयीने मागे वळून बघितलं. हात वर करणारं तिथे कुणी नव्हतं. अण्णा जीपपाशी पंचायतीच्या लोकांशी बोलत होता. त्याने इशारा केला, चालू दे. चिकणमातीचा थर तिथे फार जाड नव्हता. तो पार झाला, खाली छान जाड वाळू लागली, आणि अण्णाने दोन्ही थरांत जाळीचे, म्हणजे पाणी आत घेणारे, पाइप बसवले. चाचणीच्या दिवशी पाणी भरपूर आलं. आणि गोड होतं.

उद्घाटनाला आम्ही सगळे गेलो होतो, सारही. गावात मांडव घातला होता, नळांना झेंडूच्या माळा. बायकांनी आम्हाला चंदन लावलं. एका म्हाताऱ्या बाईने नळाखाली ओंजळ धरली आणि ते पाणी आधी डोळ्यांना लावलं, मग प्यायली. सार मांडवाच्या कडेला उभे होते. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, किती खोल गेलात हेही नाही. मला वाटलं, चला, निभावलं.

पुढच्या उन्हाळ्यात पाणी बिघडलं. आधी भात पिवळा व्हायला लागला म्हणाले, मग डाळ शिजेना. मग चहा फाटायला लागला. सुरुवातीला वरच्या थरातलं गोडं पाणीच जास्त येत होतं, पण पंप जसजसा चालला तसं खालचं खारं पाणी वर ओढलं गेलं होतं, आणि एकदा ते गोड्यात मिसळल्यावर त्याला परतीची वाट नव्हती.

एका सकाळी पंचायतीचा एक सभासद आणि तीन बायका ऑफिसात आल्या. पहाटेच्या बसने निघाल्या होत्या. त्यांच्यापैकी एकीच्या काखेत प्लास्टिकची घागर होती, तोंडाला फडकं बांधलेली. कुणी आरडाओरडा केला नाही. ती बाई मामांच्या टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अय्या, एक टंबलर द्या."

मी आणून दिला. तिने घागरीतून त्यात पाणी ओतलं आणि मामांसमोर ठेवलं. "प्या."

मामांनी तो उचलला आणि सगळा प्यायले. मधे थांबले नाहीत. टंबलर खाली ठेवला.  सभासद म्हणाला की लोक आता पुन्हा तळ्याच्या पाण्यावर आलेत, आणि पूर्वी निदान तळं स्वच्छ ठेवायचे, नळ आल्यापासून त्यात गुरं उतरवायला लागले होते. मुलं आजारी आहेत. मामा म्हणाले, खात्याशी बोलतो. ती माणसं दुपारच्या बसने परत गेली. जाताना बाईने उरलेलं पाणी आमच्या अंगणात ओतलं, घागर रिकामी करून घेतली.

त्या संध्याकाळी मामा सारांच्या टेबलाशी गेले. गेल्या कित्येक महिन्यांत ते स्वतः उठून तिथे गेल्याचं मी पाहिलं नव्हतं. तमिळमध्ये म्हणाले, "तुम्ही तिथे असता तर हे झालं नसतं."

सार म्हणाले, "मी इथेच होतो."

बस्स, एवढंच. महिन्याअखेरीस त्यांनी काम सोडलं. शेवटच्या दिवशी मामींना सांगायला आत गेले, माझ्या डोक्यावर हात ठेवला, अण्णाला "येतो" म्हणाले. अण्णा उभा राहिला होता.  मोपेड गल्लीतून वळेपर्यंत तो दारात होता.

खात्याने आम्हाला नवी कामं दिली नाहीत. यंत्रही आलं नाही. अण्णा वर्षभराने मस्कतला गेला, तिथल्या एका बांधकाम कंपनीत. तो अगोदर कधीही घरापासून लांब राहिलेला नव्हता. ऑफिसात मामा आणि मी राहिलो, घरांचे छोटे नकाशे करत. मराठी बोलायला आता कुणाची आडकाठी नव्हती, आणि बोलण्यासारखं फारसं उरलं नव्हतं.

मग मी दुसरीकडे गेले. बाहेरच्या देशाच्या मदतीने एक मोठा प्रकल्प आला होता, त्रिभुज प्रदेशातले कालवे, निचरा आणि किनाऱ्यावरचं पाणी असा सगळा अभ्यास. मेडिकल कॉलेज रोडवर एक दुमजली घर भाड्याने घेऊन त्यांनी ऑफिस केलं होतं. वातानुकूलित खोल्या, संगणक, फॅक्स. माझं काम कागदपत्रं सांभाळण्याचं. इथे प्रत्येक गोष्ट लिहिली जायची. बैठक झाली की टिपण, टिपणाला क्रमांक, आणि ते कुणाकुणाला गेलं त्याची नोंद. काम इंग्रजीतच चालायचं. आपली भाषा ऑफिसात बोलू नये असा नियम नव्हता, पण एकमेकांची भाषा कुणाला येतच नव्हती.

मी तिथे खूश होते, सुरुवातीला. मामांच्या ओसरीवर जे झालं ते इथे होणं शक्य नाही, असं मला वाटायचं. कुणाच्या पाठीमागे बोलणं नाही. कुणी रुसलं म्हणून माहिती अडली असं नाही. काही हवं असेल तर चिठ्ठी पाठवा, दुपारपर्यंत कागद टेबलावर.

पण माणसं टिकत नव्हती. तज्ज्ञ यायचे, कुणी चार महिन्यांसाठी, कुणी सहा. आपला भाग लिहायचे आणि जायचे. त्यांच्या जागी दुसरा यायचा आणि मला तेच प्रश्न विचारायचा. मी आधीच्याचा रिपोर्ट काढून द्यायची. तो वाचून पुन्हा माझ्याकडे यायचा, "इथे 'स्थानिक अडचणी' असं लिहिलंय, म्हणजे काय?" ज्याने लिहिलं तो मनिलाला किंवा भोपाळला पोचलेला असे. मी म्हणायची, मला माहीत नाही. कुठला कागद कुठे आहे ते माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि त्या कागदांत काय आहे हे मला कुणी विचारत नव्हतं. दुपारी मी माझा डबा एकटी खायची.

किनारपट्टीचं काम सुरू झालं तेव्हा नकाशावर ते गाव आलं. त्याच्यापुढे लिहिलं होतं : बोअर, वापरात नाही. कारणाचा रकाना कोरा. मी प्रमुखांकडे गेले. ते कलकत्त्याहून आलेले गृहस्थ, सभ्य, सगळ्यांशी एकसारखं वागणारे. त्यांना म्हटलं, या पट्ट्याची माहिती असलेले एक जण आहेत, त्यांना बोलवायला हवं. ते लगेच हो म्हणाले.

सार ओरत्तनाडुला राहत होते. मेव्हण्याचं पाइप आणि मोटारींचं दुकान होतं, तिथे बसायचे. मी टाउन बसने गेले. दुकानात एक शेतकरी उभा होता, आणि सार पाइपचं बिल करता करता त्याला सांगत होते, विहीर पूर्वेच्या बांधाकडे घे, पश्चिमेला दगड लागेल. बिलात या सल्ल्याचे पैसे नव्हते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं आणि पहिल्यांदा विचारलं, "मामा कसे आहेत?"

"डोळे अधू झालेत. बाकी बरे."

"आणि तुझा अण्णा?"

मी मस्कतचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. मग मी काम सांगितलं. त्यांनी बिलबुक मिटून बाजूला ठेवलं आणि विचारलं, "ते मला गावात नेतील का?"

मला वाटत होतं, नेतील. तसंच म्हटलं.

ठरलेल्या दिवशी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. प्रमुखांनी उठून हात मिळवला, त्यांना शेजारी बसवलं, पडद्यावर नकाशा दाखवला. सारांनी तो लक्ष देऊन पाहिला. म्हणाले, "इथे, इथे आणि इथे मला एकदा जाऊन बघावं लागेल. थर फार बदलतो."

"या भागाची आकडेवारी आमच्याकडे आहे," प्रमुख म्हणाले. "आम्हाला तुमचा अनुभव हवाय. तो लिहून दिलात तर फार मदत होईल. क्षेत्रभेटीची तरतूद या टप्प्यात संपलीय, माफ करा."

"काय लिहू?"

"तुम्हाला जे माहीत आहे ते."

त्यांना बाजूच्या खोलीत कागद आणि पेन दिलं. एसी चालू होता, ते खांद्यावर टॉवेल घेऊन बसले होते. मी दोनदा चहा घेऊन गेले. दुसऱ्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलेलं होतं आणि खिडकीतून खालचा रस्ता बघत होते. शेवटी जे दिलं ते सात-आठ ओळींचं होतं, त्यांच्या त्याच कोरड्या इंग्रजीत. या पट्ट्यात नवे बोअर घेऊ नयेत, पाणी नदीकडून पाइपने आणावं, आणि कुणी घेतलाच तर चिकणमाती लागताच थांबावं. थांबवणारा माणूस तिथे असावा, हे वाक्य त्यांनी लिहून खोडलं होतं. मी त्यावर क्रमांक घातला. जिन्यातून उतरताना ते म्हणाले, "आता मी तुझ्याकडे नंबराने सापडेन."

मी त्यांना बसस्टँडपर्यंत पोचवायला गेले. बस लागलेली होती. खिडकीशी बसून त्यांनी हात हलवला.

अंतिम अहवालात, किनारपट्टीला कोळ्ळिडम नदीचं पाणी पाइपने द्यावं, अशी शिफारस झाली. त्यांच्या कागदामुळे झाली की आकड्यांमुळे, मला सांगता येणार नाही. त्यांचं नाव कुठे नव्हतं. ते पाणी त्या गावाला मिळायला पुढे कितीतरी वर्षं गेली. प्रकल्प संपल्यावर सगळे कागद खोक्यांत भरून एका खात्याच्या ताब्यात दिले. ज्या कारकुनाने ती खोकी घेतली त्याने विचारलं, यांत काय आहे? मी सूची दिली. त्याने ती वरच्या खोक्यात टाकून दोरी बांधली.

मला त्यानंतर तंत्रनिकेतनात शिकवायची नोकरी लागली. रुजू होण्याआधी मामांना सांगायला गेले. पुढच्या खोलीत आता त्यांची खाट होती. आवाजावरून त्यांनी मला ओळखलं. इकडचं-तिकडचं झाल्यावर म्हणाले, "तो भेटला होता म्हणे तुला."

"हो. दुकान सांभाळतात. आमच्या ऑफिसातही येऊन गेले."

"माझ्याबद्दल काही बोलला?"

"कसे आहेत म्हणून विचारलं."

"आणि?"

"एवढंच."

मामांनी उशी सरकवून तोंड माझ्याकडे केलं. "त्या दिवशी तो ओरडला असता," म्हणाले, "तर मी तुझ्या अण्णाला त्याच्यासमोर झापलं असतं. माफी मागायला लावली असती. मीही मागितली असती. पण त्याने काय विचारलं? यंत्र केव्हा येणार. त्याला मी काय उत्तर देऊ?"

मी म्हटलं, "नंतर बोलता आलं असतं, मामा."

"नंतर म्हणजे केव्हा? रोज तो समोरच बसलेला असायचा. रोज वाटायचं, आज नको."

मामी आतून आल्या, मामांच्या गोळ्यांची वेळ झाली होती. नव्या नोकरीचं त्यांनी कौतुक केलं, जेवून जा म्हणाल्या. मी जेवले. मामांना भात कालवून द्यावा लागत होता.

मार्गळी महिन्यात, ऐन थंडीत, मामा गेले. मी सारांना दुकानाच्या फोनवर कळवलं. मस्कतहून अण्णाला येता आलं नाही. सार पोचले तेव्हा सगळं आटोपून लोक परतले होते आणि मामी आत झोपल्या होत्या. ते अंगणातच उभे राहिले. मी म्हटलं, मामींना उठवते. ते म्हणाले, "नको, झोपू दे." थोडा वेळ पुढच्या खोलीकडे बघत थांबले. मग मला विचारलं, ओरत्तनाडुची शेवटची बस किती वाजता सुटते. मी सांगितलं, आणि ते चालत निघाले.